जोडभाऊ आणि गुरुजींचा एक शब्द

शाळेच्या दाखल्यावर जोडभाऊचं जे नाव आहे, त्या नावाने त्याला हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. बायको 'अहो' म्हणते, मुली 'बाबा' म्हणतात, थोरला भाऊ 'भगत' म्हणतो आणि बाकी सगळं गाव 'जोडभाऊ'. हे नाव त्याला एका शब्दामुळे मिळालं, आणि तो शब्द गुरुजींचा. ते सांगताना आजही त्याच्या अंगावर काटा येतो. बाही वर करून तो काटा दाखवतोसुद्धा. समोरच्याला दिसला नाही, तर दोष समोरच्याच्या चष्म्याचा.

धंदा म्हणाल तर लाउडस्पीकरचा, दोघा भावांचा मिळून. सभा, लग्न, शाळेचं संमेलन, कुणाचा सत्कार, कुणाची शोकसभा. जिथे एकाला अनेकांच्या कानी काही घालायचं असतं, तिथे हे दोघे सगळ्यांत आधी पोचतात आणि सगळ्यांत शेवटी निघतात. पूर्वी दादा मिक्सरवर बसायचा. मिक्सर म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे, आवाज कमीजास्त करायची बटणांची पेटी. ती ज्याच्यापुढे, तो मालक. वायरी ओढायच्या, खांबांवर चढायचं, माइक लावायचे, ही कामं धाकट्याची. चालू वायर एकदम जोडली की स्पीकरमधून असा दणका बसतो, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचा जीव जायचा. म्हणून शिस्त अशी, की धाकट्याने स्टेजवरून विचारायचं, "दादा, जोडू का?" दादा आवाज खाली घेणार, हात वर करणार, मगच जोडायचं.

आणि हात वर व्हायच्या आत धाकट्याने वायर जोडली, की दादाचं डोकं फिरायचं. दादाचा राग म्हणजे काय विचारता! तो माणसं बघायचा नाही की जागा बघायचा नाही. एका लग्नात ऐन वेळी माइकने शिट्टी मारली. दादाने मिक्सरजवळचा माइक उचलला, तो चालू आहे हे रागाच्या भरात विसरला, आणि "अरे गाढवा, तुझ्यापेक्षा खांबाला काम सांगितलं असतं तर बरं झालं असतं," हे शब्द सगळ्या स्पीकरांतून सगळ्या लग्नाने ऐकले. नवरानवरीसकट सगळे हसले. धाकटा तेव्हा नुकता संसाराला लागलेला, पंचविशीतला. खांबावर चढलेला होता, तिथून त्याला उतरवेना.

त्याच दिवशी त्याने ठरवलं, बस्स झालं. दुसऱ्या एका शहरात नाटकगृहाला आवाजाच्या कामासाठी माणूस हवा होता. बोलणं झालं होतं, बायकोने कपडे बांधायला घेतले होते. फक्त दादाला सांगायचं राहिलं होतं, आणि त्याच्याही आधी गुरुजींना विचारायचं.

आता गुरुजींबद्दल सांगायला हवं. गुरुजी म्हणजे खरोखरीचे गुरुजी, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. संध्याकाळी चारदोन लोक घरी बोलायला येत, ते वाढत वाढत इतके झाले की लाकडाच्या वखारीवरचा लांबट हॉल घ्यावा लागला. दर रविवारी तिथे खुर्च्या मांडायच्या, खालून ताज्या भुशाचा वास यायचा आणि गुरुजी साध्या बुशशर्टात येऊन बसायचे. बोलायचे थोडंच. रागावर, लोभावर, म्हातारपणावर, कधी नुसतं नद्यांवर. बोलता बोलता मध्येच थांबून छताकडे बघायचे. त्या वेळी ते इथे नसतातच, असं लोक म्हणत. कुणी प्रश्न विचारला, की ते विचारणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे आणि बऱ्याच वेळाने उत्तर द्यायचे. ती नजर आरपार जाते, आपण न बोललेलंही त्यांना कळतं, यावर हॉलमध्ये कुणाचं दुमत नव्हतं. गुरुजी शिंकले तरी दोन दिवस त्याचा अर्थ लावणारी मंडळी होती, आणि त्या मंडळींत आपला धाकटा पहिल्या रांगेत होता. रांगेच्याही पुढे म्हणा. गुरुजींच्या कॉलरला माइक लावायचं काम त्याचं. इतक्या जवळ जायला कुणाला मिळतं? माइकची चिमटी लावताना गुरुजींच्या श्वासाचा आवाज त्याला ऐकू यायचा आणि त्याचा स्वतःचा श्वास अडकायचा.

त्या रविवारी तो असाच गुरुजींपुढे वाकला. हॉल गच्च भरलेला. चिमटी लावून झाली, वायर हातात, आणि त्याला वाटलं, आत्ता नाही विचारलं तर पुन्हा धीर होणार नाही. तो त्यांच्या डाव्या कानाशी गेला आणि पुटपुटला, "गुरुजी, दादाला सोडू का?"

गुरुजींनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग मान वळवून हॉलच्या टोकाला, जिथे दादा मिक्सर घेऊन बसला होता, तिथे पाहिलं. आणि शांतपणे म्हणाले, "जोड. तो तयारच आहे."

ज्याच्या हातात वायर आहे, त्याला 'जोड' म्हटल्यावर वायर आठवावी, ही साधी गोष्ट. पण भक्ती ही काय चीज आहे बघा, धाकट्याला वायर सोडून सगळं आठवलं. विचारलं सोडायचं, आणि उत्तर आलं जोडायचं! दादाकडे बघून दिलेलं! वायर कशी जोडली, खाली कसा उतरला, त्या दिवशी गुरुजी नद्यांवर बोलले की लोभावर, काही म्हणता काही त्याला सांगता येत नाही.

आणि खरा चमत्कार तर पुढेच झाला. कार्यक्रम संपला, लोक गेले. एरवी या वेळी दादाच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा, हे चुकलं आणि ते चुकलं. त्या दिवशी दादा मिक्सरमागून उठला, मुकाट्याने खाली बसला आणि स्वतःच्या हाताने वायरी गुंडाळायला लागला. गुंडाळता गुंडाळता मान वर न करता म्हणाला, "पुढच्या कामापासून मिक्सरवर तू बस. तुझा कान माझ्यापेक्षा तयार आहे. वायरी मी ओढतो."

धाकटा बघतच राहिला. 'तो तयारच आहे.' गुरुजींचे शब्द अक्षरशः खरे झाले होते, तासाभराच्या आत. घरी जाऊन त्याने बायकोला कपड्यांची बांधलेली बोचकी सोडायला सांगितली आणि ढसाढसा रडला.

याला आता वीसेक वर्षं झाली. त्या दिवसानंतर दादाने धाकट्यावर आवाज चढवला नाही. एकदाही नाही. शिट्टी वाजो, वायर जळो, स्पीकर खांबावरून खाली येवो, दादा ओठ मिटून घ्यायचा, फार तर "असू दे" म्हणायचा. मालक माणूस, पण गुडघ्यांवर बसून स्टेजखालून वायरी सरकवायचा आणि धाकटा खुर्चीवर बसून बटणं फिरवायचा. लोकांना वाटायचं धाकटाच थोरला. दोघांचे संसार एकाच घरात खालीवर नांदले, मुलं एकाच ताटात जेवून वाढली. हे सगळं एका शब्दाचं देणं, असं जोडभाऊ सांगायचा, आणि सांगून सांगूनच तो जोडभाऊ झाला.

ती गोष्ट मग त्याची एकट्याची राहिली नाही. निवृत्त बँक मॅनेजर म्हणून एक गृहस्थ होते, सभांची सगळी व्यवस्था तेच बघायचे. त्यांच्या तोंडून ऐकावी ती गोष्ट. त्यांच्या गोष्टीत गुरुजी डोळे मिटायचे. जोडभाऊने काही विचारायच्या आतच उत्तर यायचं. कुणी सांगे, त्या वेळी माइकची वायर जोडलेलीच नव्हती, तरी 'जोड' हा शब्द सगळ्या हॉलने ऐकला. हे सांगणारे बहुतेक जण त्या दिवशी हॉलमध्ये नव्हते. आणि दादा? गोष्टीत दादा हळूहळू राक्षस होत गेला. मारकुटा झाला, व्यसनी झाला, धाकट्याचा हक्क खाणारा झाला, म्हणजे गुरुजींनी त्याला माणसात आणलं हे जास्त उठून दिसावं. आणि हे सगळं मॅनेजरसाहेब माइकवरून सांगत, तेव्हा तो राक्षस स्टेजच्या पायथ्याशी वायरीचं भेंडोळं मांडीवर घेऊन बसलेला असायचा. तो गुरुजींना मानतही नव्हता आणि नाकारतही नव्हता. "भगत, तुझे गुरुजी येण्याआधी तो कर्णा डावीकडे वळव," एवढाच त्याचा परमार्थ.

खुद्द गुरुजी ही गोष्ट ऐकून मंद हसायचे आणि मान डोलवायचे. जोडभाऊने एकदा त्यांच्यापाशी जाऊन, डोळ्यांत पाणी आणून म्हटलंही होतं, "गुरुजी, तुमच्या शब्दावर राहिलो." गुरुजी म्हणाले, "छान, छान. राहा."

गुरुजींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मोठा मेळावा ठरवला. गावोगावहून माणसं यायची होती आणि मुख्य भाषण कुणाचं, तर जोडभाऊचं. गुरुजींच्या समोर उभं राहून त्याने ती गोष्ट स्वतः सांगायची. आजवर जोडभाऊ इतरांचे आवाज मोठे करत आलेला. स्वतः माइकसमोर कधी उभा राहिला नव्हता. आदल्या दुपारी हॉल रिकामा असताना तो माइक लावून पाठ करत होता, तेवढ्यात गुरुजी आले. खुर्ची पाठीला सोसते का बघायला. त्यांच्या उजव्या-डाव्या दोन्ही कानांत काहीतरी छोटं बसवलेलं होतं.

"हे बघ," गुरुजी लहान मुलासारखे खूश होऊन म्हणाले, "मुलीने जबरदस्तीने ऐकायची यंत्रं घ्यायला लावली. काय सांगू तुला, खाली वखारीत करवत चालते ती इतकी कर्कश आहे हे मला माहीतच नव्हतं!"

"मग बसाच, गुरुजी," जोडभाऊ म्हणाला. "उद्याचं तुमच्यापुढे एकदा म्हणून बघतो."

गुरुजी बसले. जोडभाऊने सुरुवात केली. लग्नातला अपमान, नाटकगृहाची नोकरी, गच्च भरलेला हॉल. शब्द आपसूक येत होते. "आणि मी गुरुजींच्या कानाशी गेलो आणि विचारलं, दादाला सोडू का?"

"थांब, थांब," गुरुजींनी हात वर केला. "काय विचारलंस?"

"दादाला सोडू का, असं."

"मला विचारलंस?"

"हो, गुरुजी. आणि तुम्ही म्हणालात, जोड, तो तयारच आहे."

गुरुजी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांनी एका कानातलं यंत्र बोटाने जरा आत दाबलं. "अरे, पण तू तर विचारलं होतंस, 'दादा, जोडू का?' नेहमी विचारायचास तसं. माझा डावा कान तेव्हाच गेला होता, पुढे उजवाही गेला, कुणाला सांगत नव्हतो. तुझं तोंड हललेलं दिसलं. पलीकडे बघितलं, तर तुझ्या भावाने हात वर केलेला. मला वाटलं, तुझं लक्ष नाहीये, म्हणून मीच सांगितलं, तो तयार आहे, जोड. वायर रे, बाबा. मी वायरीबद्दल बोललो."

जोडभाऊच्या पायाखालची जमीन सरकली. माइक चालू होता, त्याच्या श्वासाचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये घुमत होता आणि तो बंद करायचंही त्याला सुचलं नाही. वायर! ज्या शब्दावर त्याने नोकरी सोडली, घर उभारलं, मुली वाढवल्या, ज्या शब्दाचं नाव मिरवलं, तो शब्द वायरीसाठी होता?

पण गुरुजींचा चेहरा त्याच्याहूनही उतरला होता. "लोक माझ्यासमोर ही गोष्ट सांगायचे," ते म्हणाले. "मी मान डोलवायचो. काय चाललंय ते कळायचं नाही, पण सगळे आनंदात दिसायचे. वाटायचं, कशाला विचारा?" मग म्हणाले, "आणखी किती जणांना मी असं काय काय सांगून ठेवलं असेल रे?"

जोडभाऊने पाणी आणून दिलं. गुरुजी प्याले नाहीत, पेला हातात धरून बसले.

"उद्या खरं ते सांग," ते म्हणाले.

"गुरुजी, लोक काय म्हणतील?"

"ते मला माहीत नाही. पण आजवर ऐकू येत नव्हतं म्हणून मान डोलवली. आता ऐकू येतंय. आता डोलवली तर ते खोटं होईल."

एवढं बोलून ऐंशी वर्षांचा तो माणूस कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेला. जोडभाऊ वरून बघत राहिला. आपल्या शब्दावर माणसं जीव टाकतात, आणि तो शब्द खोटा पडला तर तसं सांग म्हणतो, हा कोण माणूस आहे? वीस वर्षं त्याने गुरुजींना देव मानलं होतं. त्या जिन्यावर त्याला पहिल्यांदा माणूस दिसला, आणि त्याची छाती आणखीच दडपली.

पण भाषण उद्याचं. आत्ता त्याच्या डोक्यात एकच भुंगा शिरला होता. गुरुजी वायरीबद्दल बोलले, ठीक. मग दादा कसा बदलला? त्याच संध्याकाळी, तासाभरात? कुणी सांगितलं त्याला? की तोही योगायोग, आणि आपण वीस वर्षं नुसते योगायोगावर नांदलो? त्या कार्यक्रमात दादाला सहज वाटलं असेल, उद्यापासून वायरी आपण ओढू, आणि आपण त्याला चमत्कार म्हणत बसलो?

तो थेट दुकानात गेला. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला कर्णे टांगलेले, जमिनीवर वायरींचे ढीग. दादा टेबलाशी बसून तापलेल्या सळईने एका वायरीला कथलाचा टाका देत होता, चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरलेला.

"दादा, एक विचारू?"

"विचार की. आज परवानगी कसली?"

जोडभाऊने सगळं सांगितलं. गुरुजींचं यंत्र, दादाला सोडू का, दादा जोडू का, सगळं. सांगताना त्याला भान राहिलं नाही की 'दादाला सोडू का' हा आपला प्रश्न आपण दादासमोर पहिल्यांदाच उच्चारतोय. हॉलमध्ये ती गोष्ट शंभरदा झाली होती, पण घरात त्या प्रश्नाचा विषय निघत नसे. आणि आता लक्षात आलं तेव्हा तोंडातून गेलं होतं.

दादाने टाका देणं थांबवलं नाही.

"मग तू त्या दिवशी कसा बदललास?" जोडभाऊने विचारलं. "मला तेवढंच सांग. गुरुजींनी तुला काही सांगितलं होतं का?"

"गुरुजी मला काय सांगणार?" दादा म्हणाला. "टेबलावरचा माइक चालू होता."

"कुठला?"

"गुरुजींच्या पुढ्यातला. हॉलचा आवाज मी खाली घेतला होता, पण माझ्या कानांवर हेडफोन होते. तपासत होतो, शिट्टी येतेय का. तू वाकलास. म्हटलं, आता विचारेल जोडू का, म्हणून मी आधीच हात वर केला." दादाने तारेचं टोक फुंकून गार केलं. "आणि तू म्हणालास, दादाला सोडू का."

खोलीत बारीकसा धूर तरंगत होता.

"हात खाली घ्यायचाही राहिला बघ माझा," दादा म्हणाला. "तसाच वर. लोकांना वाटलं असेल, ह्याला प्रश्न विचारायचाय."

"म्हणजे तुला... पहिल्यापासून..."

"हेडफोनमध्ये काय रे, माणूस कानात बोलल्यासारखंच वाटतं. मी आयुष्यभर तुझ्यावर ओरडलो, पण तुझा आवाज नीट ऐकला तो त्या दिवशी. रडवेला झाला होतास. मला वाटलं, हा चाललाच. आणि ह्याचं काही चुकतंय असंही वाटेना."

"मग सांगितलं का नाहीस? वीस वर्षं, दादा! तिकडे माइकवरून तुला काय काय म्हणतात. दारुडा म्हणतात, मारकुटा म्हणतात. मूग गिळून बसलास. एकदा तरी म्हणायचं, अरे, मला ऐकू आलं होतं!"

दादाने चष्मा काढला. "सांगितलं असतं तर तू राहिला असतास? तू गुरुजींच्या शब्दावर राहिलास. माझ्या शब्दावर राहिला नसतास, तेव्हा माझ्या शब्दाला तुझ्याकडे किंमत काय होती? तुला वाटलं, गुरुजींनी जोडलं. म्हटलं, वाटू दे. टिकतंय ना, मग कुणी का जोडलं असेना." तो जरा हसला. "भीती मात्र वाटायची. आवाज चढला रे चढला, की आठवायचं ते, सोडू का. लगेच तोंड बंद. अजून वाटते."

जोडभाऊच्या डोळ्यांसमोरून सगळी वर्षं गेली. जळलेल्या वायरी, पडलेले स्पीकर, दादाचे मिटलेले ओठ. तो त्या ओठांना गुरुजींची कृपा म्हणत आला होता. आणि हा माणूस रोज, एकेका रागासरशी, स्वतःला आवरत होता. कुणी बघत नसताना, कुणी नाव घेणार नाही हे ठाऊक असताना. याहून मोठं जोडभाऊने काही पाहिलं नव्हतं. कुठल्या हॉलमध्ये नाही, कुठल्या स्टेजवर नाही.

दुसऱ्या दिवशी मेळाव्यात बसायला जागा नव्हती. लोक जिन्यावर उभे होते. मॅनेजरसाहेबांनी जोडभाऊची ओळख करून दिली, नेहमीच्या मीठमसाल्यासकट. जोडभाऊ माइकसमोर उभा राहिला आणि त्याने खरं ते सांगितलं. गुरुजींना ऐकू आलं नव्हतं. गुरुजी वायरीबद्दल बोलले होते.

मग मागून एक आवाज आला, "धन्य!" आणि पाठोपाठ टाळ्या. मॅनेजरसाहेब उठून उभे राहिले. "बघा, बघा! वायरीचं नुसतं निमित्त! कानाला ऐकू येत नसताना अंतःकरणाने ऐकलं!"

"अहो, नाही ऐकलं!" गुरुजी खुर्चीवरून म्हणाले. "मला खरंच काही कळलं नव्हतं!"

त्यावर आणखी टाळ्या पडल्या. एवढा मोठा माणूस आणि काय ही नम्रता, म्हणून बायकांनी डोळे पुसले. गुरुजींनी कपाळाला हात लावला. जोडभाऊला हसू आलं आणि भीतीही वाटली. कालपर्यंत त्याच टाळ्यांत त्याचे हात सगळ्यांत पुढे होते.

"थांबा," तो म्हणाला. "ऐकू आलेला माणूस वेगळाच आहे."

आणि त्याने दादाचं सांगितलं. हेडफोन, वर राहिलेला हात, मिटलेले ओठ, सगळं. सांगता सांगता त्याला हुंदका आवरेना. माना एकेक करून स्टेजच्या पायथ्याशी वळल्या. तिथे दादा वायरीचं भेंडोळं घेऊन बसला होता आणि हाताने 'पुरे, पुरे' अशा खुणा करत होता. त्याचे कान लालबुंद झाले होते.

गुरुजी खुर्चीवरून उठले. माइकजवळ आले. "मी वीस वर्षं न ऐकता मान डोलवली," ते म्हणाले, "आणि ज्याने ऐकलं होतं, तो गप्प राहिला. मला जे विचारायला तुम्ही लांबून लांबून येता, ते या माणसाला येतं. मला अजून यायचंय."

या वेळी टाळ्या पडल्या नाहीत. सगळा हॉल नुसता बसून राहिला, खाली वखारीतली करवतही रविवारची बंद होती.

पण लोक ते लोकच. कार्यक्रम संपला आणि जोडभाऊ मिक्सरकडे वळतो न वळतो तोच त्याला दिसलं, दादाभोवती गर्दी झाली होती. एक बाई हात जोडून विचारत होत्या, "दादा, माझा मुलगा घरी बोलत नाही हो. काय करू?"

"अहो बाई, मी वायरवाला आहे," दादा घाबरून म्हणाला.

बाईंनी शेजारणीकडे अशा काही नजरेने पाहिलं, की या उत्तरात केवढं काय दडलंय! मॅनेजरसाहेब तर जवळ सरकून नीट ऐकायला लागले. जोडभाऊला वाटलं, धावत जावं आणि दादाला या माणसांतून ओढून काढावं, उद्या याच्या शिंकेचेही अर्थ लावतील. पण तो मिक्सरलाच टेकून राहिला. दुसऱ्यांना कुठल्या तोंडाने सांगणार? दादाकडे बघताना त्याची स्वतःची मान केव्हाची झुकली होती.

तेवढ्यात गर्दीच्या मधून दादाची नजर त्याच्यावर पडली. स्पीकर तसेच, वायरी तशाच, आणि हा मिक्सरला टेकून, डोळे भरून आपल्याकडे बघत उभा.

"अरे ए गाढवा!" दादा एवढ्या जोरात ओरडला की बाई दोन पावलं मागे सरल्या. "बघत काय उभा राहिलायस खांबासारखा? हे स्पीकर काय तुझे गुरुजी उचलणार आहेत?"

सगळा हॉल चपापला. दादाही चपापला, त्याचा हात तोंडाकडे गेला.

वीस वर्षांत पहिल्यांदा दादा त्याच्यावर ओरडला होता. जोडभाऊला हसू फुटलं, आणि हसता हसता तो धावतच स्पीकर उचलायला गेला.